माझ्या आवाजात कुणीतरी किल्ली मागितली

हल्ली असं होतं, की माझा आवाज माझ्याआधीच कुठेतरी जाऊन बसलेला असतो.

परवाचीच गोष्ट. धायरीहून बसने शहरात निघाले होते. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी, उन्हाने सगळ्यांचे डोळे जड झालेले. पुढच्या सीटवर एक मुलगा, पांढरी काठी दुमडून मांडीवर ठेवलेली, फोन कानाशी. आणि त्या फोनातून मी बोलत होते. "तीन नवे संदेश. पहिला संदेश. उद्या तास नाही." तेही काय वेगात! सवय झालेली मुलं वेग वाढवून वाढवून ऐकतात. नळाची धार सोडावी तशी मी नुसती वाहत असते, माझं मलाच कळत नाही. मागे बसून ऐकत राहिले. वाटलं, खांद्यावर हात ठेवून सांगावं, बाळा, ती मीच. मग म्हटलं, कशाला. तो म्हणाला असता, छे, तो आवाज वेगळा आहे. आणि त्याचं काही चुकलं नसतं. तो आवाज दिला तेव्हा माझे खालचे दात जागेवर होते.

हे कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझं लग्नानंतरचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात गेलं. आमचा गुळाचा गाळा होता. हे वजनकाट्यापाशी, मी फोनपाशी. बाहेर हमालांची ओरड, ट्रक मागे घेणाऱ्यांच्या शिट्ट्या, त्यातून पलीकडच्याला ऐकू जाईल असं बोलायचं. न ओरडता बोलायचं, हे महत्त्वाचं. ओरडणाऱ्याचं यार्डात कुणी ऐकत नाही. शिक्षण माझं मॅट्रिकपर्यंत. पण नुसतं "हं, बोला" ऐकून गिऱ्हाईक कोण, घाईत आहे की घासाघीस करायच्या मनःस्थितीत आहे, हे मला समजायचं. पुढे हे गेले, गाळा गेला, आणि मी मुलाकडे धायरीला आले. डोंगराकडे तोंड करून गॅलरीत बसायचं, इतकंच काम. मुलाचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. म्हटलं, शिकव. तो म्हणाला, "आई, वेळ नाही गं, तूच बघ." बघितलं. बघत बघत शिकले, मोडत मोडत शिकले. संगणकाला काम सांगणं मला काही फार वेगळं वाटलं नाही. हमालाला सांगावं तसंच सांगायचं. फरक एवढाच, की हमाल स्वतःचं डोकं लावतो आणि संगणक तेवढं सोडून सगळं करतो.

एकदा असंच फोनवर वाचत असताना दिसलं, की अंध माणसांसाठी मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम काही मंडळी फुकट तयार करताहेत, आणि त्यांना बाईचा आवाज हवाय. मी फोन लावला. पलीकडे सदाशिव पेठेतले एक गृहस्थ, बँकेत नोकरीला, जन्मापासून दृष्टी नाही. त्यांनीच हे काम सुरू केलेलं. त्यांना सगळे सर म्हणतात, म्हणून मीही सर म्हणते. मला म्हणाले, "अहो काकू, आवाज ठीक आहे. जरा कमी आपुलकीने बोलता येईल का?" मी म्हटलं, ते नाही जमायचं. "मग असू दे," म्हणाले, "लोक सहन करतील."

तर असा माझा आवाज गेला. हजारो वाक्यं वाचून दिली, दुपारी पंखा बंद करून, सुनेला कुकर लावू न देता. आणि आवाजाच्या मागोमाग मीही तिथे शिरले. कुठला शब्द यंत्र कसं उच्चारतं ते ऐकायचं, चुकलं की दुरुस्त करायचं. आधी दुरुस्त्या सांगत होते, मग स्वतः करू लागले.

हे सगळं काम जिथे ठेवलेलं असतं त्याला पोरं रेपो म्हणतात. मी कोठार म्हणते. या कोठाराची गंमत अशी, की आत येऊन बघायला, हवं ते घेऊन जायला जगाला मोकळीक. पण आत काही ठेवायचं तर किल्ली लागते. किल्ली म्हणजे आपापल्या संगणकात जपलेली एक खूण, आणि तिचा ठसा म्हणजे आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ. ज्याची किल्ली त्याचाच ठसा. अशा किल्ल्या चौघांकडेच होत्या. सर, मी, हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी, आणि परदेशात गेलेला एकजण, ज्याचं उत्तर कधी येतं, कधी येत नाही.

इतकी राखण कशाला, असं माझ्या सुनेने विचारलं होतं. अगं, म्हटलं, हा प्रोग्रॅम माणसाच्या फोनमधलं सगळं वाचतो. बँकेचे निरोप वाचतो, डॉक्टरचे वाचतो, लेकीने आईला लिहिलेलं वाचतो. कुणी वाईट माणसाने आत येऊन दोन ओळी गुपचूप घुसवल्या, तर त्याला त्या सगळ्या घरांतलं ऐकू येईल.

म्हणून नव्या माणसाला किल्ली देताना आमची एक रीत होती. त्याने फोन करायचा आणि आपला ठसा वाचून दाखवायचा. जुन्या दोघांनी ऐकायचं, जुळवायचं, आणि मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलायचं. दोघांनाही पटलं तरच किल्ली. कॅमेऱ्याचा प्रश्नच नव्हता. सर म्हणायचे, "तुम्ही कशा दिसता ते दाखवलंत तरी मी त्याचं काय करू?" त्यामुळे इतकी वर्षं एकत्र काम करून, एकाच पुण्यात राहून, आम्ही तिघं एकमेकांना कधी भेटलोच नव्हतो. आवाज होता की. आवाज पुरे होता.

मग एका सकाळी सरांचा फोन आला.

"काकू, काल तुम्ही मला फोन केला होतात?"

"नाही बाई."

"वाटलंच. काल तुमच्या आवाजात कुणीतरी बोललं. म्हणे जुनी किल्ली खराब झाली, नवी घ्या. ठसा वाचला, एक अक्षर चुकलं नाही. आभार मानून फोन ठेवला."

"मग तुम्हाला कसं कळलं, की मी नव्हे?"

"काकू, तुम्ही, आणि कामाचं बोलून फोन ठेवलात?"

हसले मी, पण हातातला चहा तसाच राहिला. आमचंच काम, आमचंच कोठार, त्यातला माझाच आवाज. जगाला मोकळीक दिलेली. कुणीही तो उचलावा आणि त्याच्याकडून हवं ते बोलवून घ्यावं. आपण घराला कुलूप लावायचं आणि आपला आवाज मात्र दाराबाहेर चपलांशेजारी ठेवायचा, तसं झालं होतं हे. चौघांत आवाजाने ओळखता न येणारं माणूस एकच, आणि ते मी.

आता पुढे मी जे केलं ते ऐका. चोर आलाय म्हटल्यावर माझं डोकंच चालेना. वाटलं, त्याच्या हाती माझी किल्ली लागलेली असणार. ताबडतोब लॅपटॉप उघडला आणि माझी किल्ली पुसून टाकली. कायमची, परत काढता येणार नाही अशी. मग नवी केली, आणि मोठ्या हुशारीने सरांना फोन लावला, की घ्या, आता घ्या हा नवा ठसा.

मग सर म्हणाले, "काकू, चोराकडे किल्ली नव्हतीच. नव्हती, म्हणून तर तो मागत होता. ती जगात फक्त तुमच्याकडे होती."

"मग?"

"मग काय. जुनी किल्ली असती तर तिने नव्या किल्लीवर सही केली असती, की ही माझीच. दोन मिनिटांत काम झालं असतं. आता तुम्ही मला फोनवर ठसा वाचून दाखवताय. तुमच्याच आवाजात."

म्हणजे त्याने जे केलं, नेमकं तेच मी करत होते.

त्यानंतरचे दिवस मला नीटसे आठवत नाहीत. पाण्याखालून बघावं तसे आठवतात. कोठाराच्या दाराशी मी उभी, आत माझ्या हातच्या शेकडो दुरुस्त्या, त्यांच्याखाली मी घेतलेलं नाव, गूळवाली. आणि मला आत काही ठेवता येत नाही. माझ्या दुरुस्त्या दुसऱ्या कुणी आत नेल्या असत्या, ते खरं. पण दुसऱ्याच्या हाताने आपल्या देव्हाऱ्यात फूल वाहायचं, यात काय आलं! दुपारी डोळा लागला की स्वप्न पडायचं, आपण आपल्याच घराची बेल वाजवतोय आणि आतून आपणच विचारतोय, कोण आहे. एकदा जागेपणी मी प्रोग्रॅम लावून त्या आवाजाकडून माझा ठसा वाचून घेतला. कसं स्वच्छ वाचलं तिने! ना कुठे चाचरली, ना कुठे दातांतून हवा गेली. स्वयंपाकघरातून सूनबाई आल्या, "आई, मला हाक मारलीत का?" मी म्हटलं, "मी नाही, ती." सूनबाई खोलीभर बघून परत गेल्या.

मी आधार कार्डाचा फोटो पाठवून पाहिला. हिंजवडीच्या मुलीचं उत्तर आलं, अगदी नम्र: "काकू, या नावाच्या बाई आहेत, हे पटलं. पण गूळवाली त्याच, हे यावर कुठे आहे?" राग आला मला. मग कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. तिचं खरं होतं. कार्ड सांगतं, मी कुणाची कोण, राहते कुठे. काल ते काम केलं तो हात आणि आजचा हा हात एकच, एवढंच तिला हवं होतं. ते कुठल्या कार्डावर असतं?

शेवटी मी सदाशिव पेठ गाठली. सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली मुलांचे क्लास, जिन्यात चपलांचा ढीग. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, "या. धापा टाकताय, म्हणजे माणूस आहात." चहा त्यांनी स्वतः केला. मी मदतीला उठले, तर म्हणाले, "बसा, तुम्ही साखर कुठेतरी भलतीकडे ठेवाल आणि मी महिनाभर शोधत राहीन." मग आम्ही कामाला बसलो, फोनवर बसायचो तसेच. यंत्र एकेक वाक्य वाचत होतं आणि मी मध्येच, "थांबा थांबा, इथे ती घाई करते," आणि सर, "ते तुम्हालाच वाटतं," आणि मी, "अहो, मला वाटतं म्हणजे आहेच ते." असा तासभर गेला. खिडकीत ऊन सरकत होतं. दोघांच्या मध्ये माझा तरुण आवाज बोलत होता आणि आम्ही दोघं उतारवयातली माणसं तिला टोकत होतो.

सरांनी हिंजवडीच्या मुलीला फोन लावला. "माझी खात्री पटली. ह्याच त्या. इतका हट्टीपणा कुणाला बनवता येत नाही."

"सर, तुमची पटली," ती म्हणाली. "माझी नाही. मी ऐकतेय तो अजून फोनवरचा आवाजच आहे. आणि नियम दोघांचा आहे."

"अगं, मी समोर बसलोय त्यांच्या!"

"समोर त्या बाई आहेत. त्या गूळवाली आहेत, हा तुमचा अंदाज झाला." मग म्हणाली, "काकू, राग नका मानू न. माझी आई तिकडे चंद्रपूरकडे एकटी राहते. तिला दिसत नाही. दिवसभर तुमचाच आवाज ऐकते ती. बँकेचं, औषधाचं, सगळं. तुमच्या आवाजाने सांगितलं तर ती विहिरीत पण उतरेल. तिथे मी अंदाज कसा चालवू?"

सर चिडले. म्हणाले, "मी परदेशातल्याला लिहितो. तो काही न बघता हो म्हणेल. दोघं होतील."

आता सांगते, क्षणभर मला मोह झाला. एवढं सोपं होतं. पण काही न बघता हो म्हणणाऱ्याचा हो घेऊन मी आत गेले, तर त्या दाराला राहिलं काय? मी म्हटलं, "नको सर. मला नवी म्हणून घ्या. आजपासून. पहिल्यापासून."

"म्हणजे गूळवाली?"

"ती गेली म्हणा."

बसने परतताना रडू आलं थोडं, खोटं कशाला सांगू. आपणच आपल्याला पोचवून आल्यासारखं वाटत होतं. पण सिंहगड रस्त्याला वारं लागलं, आणि त्यातून हलकं हलकंही वाटायला लागलं. या वयात मागचं काही नसणं, हे कुणाच्या वाट्याला येतं!

नवं नाव घेतलं, काकवी. नव्या माणसाने करायची ती कामं करू लागले. एखादा सुटलेला शब्द, एखादी बारीक चूक. करायचं आणि दाराशी ठेवायचं. ती मुलगी तपासायची. दोनदा परत पाठवलं तिने, "इथे कारण लिहा" म्हणून. तिला कारण कसं लिहावं ते मीच शिकवलं होतं की! पण लिहिलं. काकवीने तिला काही शिकवलेलं नव्हतं.

थंडी पडायला लागली तेव्हा तिचा निरोप आला. "काकवी, तुमचं काम चांगलं आहे. किल्ली द्यायची तर प्रत्यक्ष भेटावं लागेल. रविवारी येऊ का? आई आलीय, तिला पण आणते."

आल्या दोघी. मुलगी बारीकशी, चष्मा, पाठीला सॅक. तिचा हात धरून आई. "जय भीम, ताई," आई म्हणाल्या. मीही जय भीम म्हटलं, आत या म्हटलं.

"आई, ह्या त्या. तुझ्या फोनमधल्या."

आईंनी मान तिरकी केली. "बोला न जी थोडसं."

मला काय बोलावं सुचेना, म्हणजे बघा! म्हटलं, "गाडीत झोप लागली का? थंडी फार आहे हो इकडे, पाय पोटाशी घेऊन बसा."

आईंनी ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. "नाही. ह्या नाही होय त्या. ते बाई तरनी आहे."

मुलगी खळखळून हसली. "बघा काकू, घरचीच साक्ष तुमच्याविरुद्ध गेली."

चहा झाला, शिरा झाला. आई सोफ्यावर पाय घेऊन बसल्या होत्या, मला म्हणाल्या, "पण तुमचं बरं वाटते. तुमी मधात थांबता. ते बाई थांबतच नाही न, आपल्याले बोलाले जागाच नसते." एकटीच्या घरात दिवसभर माझा आवाज, आणि त्यात त्यांना शिरायला फट नाही. हे कुठल्याच दुरुस्तीत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग मी लॅपटॉप उघडून ठसा वाचला. मुलगी माझ्याशेजारी बसून आपल्या फोनवर एकेक अक्षर जुळवत होती. दोनदा माझी जीभ अडखळली, दोनदा मी पुन्हा वाचलं. डोंगरावरून धुकं उतरत होतं आणि मला वाटत होतं, कुणीतरी हळूहळू माझं नाव ठेवतंय.

"झालं," ती म्हणाली. "या किल्लीची बाई मी डोळ्यांनी पाहिली. सरांनी काकवीचा ठसा तुमच्याकडून समोर बसून घेतला की दोघं पूर्ण."

"एक विचारू? मनातून तुला पटलं होतं ना, की मीच ती?"

"मनातून तर पहिल्या दिवशीच. पण काकू, मनातून पटलं की माणूस बघायचं सोडतो. फसतो तिथेच."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पेठेत जाऊन आले, आणि किल्ली लागली. कोठारात आता दोघी आहेत. गूळवाली, जिचं काम जुनं आणि दार बंद. आणि काकवी, नवखी. यंत्राला दोघींचा काही संबंध माहीत नाही, आणि मी तो लावायला गेले नाही.

नव्या किल्लीने पहिलं काम मी नियमांच्या पानावर केलं. आवाजावरून ओळख धरायची ओळ काढून टाकली. त्याजागी लिहिलं, माणसाला प्रत्यक्ष भेटावं, किंवा जुन्या किल्लीची नव्या किल्लीवर सही घ्यावी. आणि खाली लिहिलं, घाबरून कुणीही आपली किल्ली पुसू नये. मुलीने लगेच मान्य केलं. कारणसुद्धा विचारलं नाही.

थोड्या वेळाने सरांचा फोन.

"वाचलं. म्हणजे आता मी माणसं काय वासावरून ओळखू?"

"घरी बोलवा की लोकांना. मी आले होते ना?"

"घरी? सदाशिव पेठेत? चहा देऊन?" जरा वेळ विचार केला असावा त्यांनी. "बरं, शनिवारी सकाळी एक मुलगा येतोय किल्ली मागायला. मी ठसा ऐकीन. चेहरा बघायला कुणीतरी लागेल. येणार?"

"येते."

"एवढंच? 'येते'? काकू, हे तुम्हीच बोलताय ना?"

मग मी त्यांना विचारलं, मुलगा कुठला, राहतो कुठे, घरी कोण कोण असतं, नाश्त्याला काय करायचं, आणि तुमच्याकडे रवा आहे की मीच येताना घेऊन येऊ.